अकरा घरांचं सांगणं

आमच्या महिला मंडळाची प्रार्थना बुधवारी दुपारी असते. जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की ज्या घरची पाळी असेल तिथं जमायचं. आम्ही सगळ्या मिळून बारा जणी. सेलूत ख्रिस्ती घरं थोडीच, त्यामुळं बारा जणी म्हणजे जवळजवळ सगळी घरं आलीच. आधी एक गाणं होतं, मग शास्त्रातला एखादा भाग कुणीतरी वाचतं, आणि शेवटी साखळी प्रार्थना. साखळी म्हणजे डोळे मिटून गोल बसायचं आणि एकीनंतर एकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. जिला करायची नसेल तिनं शेजारणीच्या गुडघ्याला बोट लावायचं. मग शेजारीण पुढं सुरू करते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, त्यामुळं कुणी काही म्हणत नाही.

लग्न होऊन सेलूत आले तेव्हापासून मी बोटच लावत आले. तीस वर्षं झाली असतील. माझ्या शेजारी नेहमी मावशी बसतात. त्या मंडळात सगळ्यात मोठ्या, दवाखान्यात नर्स होत्या, आता घरी असतात. त्या म्हणायच्या, "बाई, झिजला माझा गुडघा तुझ्या बोटानं." सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला सुरुवातच सापडत नाही. घरी देवाशी बोलते, ते मनात. त्याला ऐकू जातं असं मी धरून चालते.

माझ्या सुनेला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच तिनं मला सांगितलं होतं.

सून चुडाव्याची. लग्नाला चार वर्षं झाली. मला मुलगी नाही, एकच मुलगा. तो परभणीला औषधाच्या दुकानात कामाला आहे, सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळच्या गाडीनं येतो. आमचे हे कापसाच्या जिनिंगवर गठाणी बांधायला असतात. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघीच. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. ती आली तशी "मामी, मामी" करत माझ्या मागं बोलत फिरायची. शेजारच्या म्हशीपासून चर्चमधल्या पाळकसाहेबांच्या चपलेपर्यंत तिला सगळ्यावर बोलायला सुचायचं. मी "हं" म्हणायचे. एकदा म्हणाली, "मामी, तुमचं हं बी किती तऱ्हेचं असतंय. मला आता सगळे ओळखू यायलेत." माझ्याकडं असं कुणी लक्ष दिल्याचं मला आठवत नाही.

तिची दोन बाळंतपणं पुरी झाली नाहीत. पहिलं चौथ्या महिन्यात गेलं, दुसरं पाचव्या महिन्यात. दुसऱ्या वेळी तिला दवाखान्यातून घरी आणलं आणि मंडळातल्या बायका भेटायला आल्या. वाईट मनानं कुणीच आलं नव्हतं. कुणी बिस्किटं आणली, कुणी डाळिंबं. पण प्रत्येक जण एकेकटी आली, आणि प्रत्येकीनं विचारलं, कितवा महिना होता, कसं झालं, आधी काही दुखलं होतं का. सून उशीला टेकून बसायची आणि सांगायची. अकरा जणींना तिनं ते अकरा वेळा सांगितलं. मग नळावर सांगितलं, मग देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर सांगितलं. मी तिथंच चहा गाळत उभी असायचे. एका शब्दानं मी मध्ये पडले नाही. बाई, तिला नका विचारू, मी सांगते, एवढं म्हणायला काय लागतं? तेवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

म्हणून तिसऱ्या वेळी, गेल्या जुलैत, तिनं मला चुलीपाशी गाठलं. मी भाकरी थापत होते. ती म्हणाली, "मामी, तिसरा महिना लागलाय. पण ह्या वेळी कुणालाच सांगायचं न्हाई. सातवा लागंपर्यंत न्हाई. मंडळात न्हाई, प्रार्थनेत तर बिलकूल न्हाई."

मी म्हणाले, प्रार्थनेत तरी. ती म्हणाली, प्रार्थनेत सांगितलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळतं, आणि मग गेलं की गावाला परत सांगत बसावं लागतं. जाणं सोसतं मामी, ते सांगणं सोसत नाही. मी पिठाच्या हातानंच तिचा हात धरला. माझा शब्द तो तेवढाच.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. ती सैल कुडते घालून देवळात यायची. मी रोज मनातल्या मनात बाळाचा आठवडा मोजायचे.

सप्टेंबरात एका सकाळी तिच्या अंगावर लाल गेलं. पाचवा चालू होता. मुलानं शेजाऱ्यांची जीप आणली आणि तिला परभणीला घेऊन गेला. मीही निघाले होते, पण तो म्हणाला, आत एकालाच सोडतात, तू घरी थांब, लागलीस तर फोन करतो. हे कामावर गेले होते. जीप वळून दिसेनाशी झाली आणि मला आठवलं की आज बुधवार आहे, आणि मंडळ आज आमच्या घरी आहे.

नका येऊ म्हणून सांगायचं तर का ते सांगावं लागणार. म्हणून मी काहीच कळवलं नाही. अंगण झाडलं, सतरंजी घातली, चहाचं आधण ठेवलं. अकरा जणी आल्या. सून कुठंय, कुणीतरी विचारलं. माहेरी गेलीय म्हणाले. फोन मी पदरात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. गाणं झालं, वाचन झालं, फोन वाजला नाही. मग साखळी सुरू झाली. एकीनं पोराच्या नोकरीसाठी केली, एकीनं नवऱ्याच्या दम्यासाठी. माझ्या अलीकडची आमेन म्हणाली आणि गप्प झाली. मी बोट लावायला हात उचलला.

हात उचलला आणि तोंड उघडलं. ते कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, माझ्या सुनेचं पोट राख." एवढं म्हटल्यावर मग थांबवेना. कितवा महिना ते सांगितलं. आधीची दोन सांगितली. सकाळचं लाल सांगितलं. परभणीच्या दवाखान्याचं नाव सांगितलं, कोणत्या मजल्यावर बायका ठेवतात तेही सांगितलं, जशी काही त्याला वाट सापडणार नव्हती. रडत होते की नाही ते आठवत नाही. मावशींचा हात पाठीवर आलेला आठवतो. आणि खरं तेच लिहिते, मला बरं वाटलं. तीस वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं.

आमेन म्हणून मी डोळे उघडले. अकरा जणी माझ्याकडं बघत होत्या. तेव्हा मला कळलं की मी काय केलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. लाल थांबलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता, बाळ हललं होतं. प्रभूनं ऐकलं, असं वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं, ऐकलं तर इतरांनीही. त्याच्याशी बोलायचं होतं तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचाच फोन आला. मोबाईलवर मंडळाचा ग्रुप आहे, त्यावर कुणीतरी टाकलं होतं की या आपल्या बहिणीसाठी सर्वांनी प्रार्थना करावी, आणि पुढं महिना, आधीची दोन, दवाखाना, सगळं. तिच्या उशाशी सकाळपासून फोन वाजत होता. तिनं विचारलं, "मामी, तुमी सांगितलं?"

मी म्हणाले, प्रार्थनेत तोंडातून गेलं.

ती म्हणाली, "तुमच्या तोंडून शब्द निघत न्हाई, म्हणून तर तुमालाच सांगितलं होतं."

तिनं फोन ठेवला. दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा ती सेलूला आली नाही. परभणीहून सरळ चुडाव्याला, आईकडं गेली. पडूनच राहायचं होतं, आणि आईकडं पडून राहणं सोपं, असं मुलानं मला सांगितलं. त्यानं ते अशा आवाजात सांगितलं की मी पुढं काही विचारलं नाही. ह्यांना कळलं तेव्हा ते पायातली चप्पल काढता काढता म्हणाले, "बोलायचंच होतं तर सगळा जन्म पडला होता की." रागानं नाही म्हणाले. ते नेहमी असंच म्हणतात. पण त्या दिवशी मला ते जेवणाच्या घासात लागलं.

मग वाट बघणं सुरू झालं.

मी फोन केला की विहीणबाई उचलायच्या. झोपलीय, म्हणायच्या. सकाळी केला तरी झोपलीय, दुपारी केला तरी झोपलीय. सुटीच्या दिवशी मुलगा चुडाव्याला जायचा. तो परत आला की मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"कशी हाय?"

"बरी हाय."

"काय खाती?"

"जेवण."

त्याच्या बापाचाच पोरगा. तीन महिन्यांचा निरोप मला असा दोन दोन शब्दांत मिळाला.

घर गप्प झालं. आधीही मी बोलत नव्हते, पण आधी ते गप्प नव्हतं. दुपारी चार वाजता ती चहा करायची, आलं इतकं घालायची की हे डोळे पुसत प्यायचे. आता मी करते तो चहा सगळ्यांना चालतो आणि कुणालाच आवडत नाही. तिचा फणी-आरसा खिडकीत तसाच आहे. फणीत तिचा एक केस होता, तो मी काढला नाही. कुणाला हसू येईल, पण मी त्या खिडकीपाशी भाजी निवडायला बसायचे. बाळाची ओढ होतीच. पण मला आधी तीच हवी होती. ती बोलत यावी, आणि मी हं म्हणावं.

प्रार्थना करायला बसले की माझ्याच तोंडाची भीती वाटायची. ओठ मिटून घ्यायचे. लांबलचक काही मनातही येत नव्हतं. सकाळी चूल पेटवताना तेवढं म्हणायचे, आज बी सांभाळ. संध्याकाळी दिवा लावताना म्हणायचे, आज बी सांभाळलंस. याहून जास्त मागायचा मला हक्क नाही असं वाटायचं. लोक म्हणतात विश्वास असला की माणूस निर्धास्त असतो. मी निर्धास्त एक दिवसही नव्हते. पण सकाळी त्याच्याशी बोलल्याशिवाय चूल पेटवली असंही एक दिवस झालं नाही. निर्धास्त नसलेल्या माणसाच्या विश्वासाला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

नोव्हेंबर सरत आला. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, रस्त्याच्या कडेनं बाभळींना पांढरे पुंजके अडकले. नाताळाच्या आधीचे चार रविवार आम्ही आगमनकाळ म्हणून पाळतो. दर रविवारी देवळात एक मेणबत्ती वाढत जाते. त्या दिवसांत मंडळाची रीत आहे, दर शुक्रवारी दुपारचा उपास धरायचा आणि एकच विषय घेऊन प्रार्थना करायची. विषय रविवारी देवळात जाहीर होतो. मावशी मला रस्त्यात भेटल्या आणि माझा हात दाबून म्हणाल्या, यंदा आम्ही तुझी सूनच धरलीय, पाळकसाहेबांना सांगितलंय, ग्रुपवर पण टाकायचंय.

मी घरी आले आणि मला बसवेना. मुलानं मागच्याच खेपेला सांगितलं होतं की ती फोन बंद करून ठेवते, कारण दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं, आता कसं आहे, आता कितवा आहे. म्हणजे अजून ती सांगतच होती. अंथरुणावर पडून, पायाखाली उशा घेऊन सांगत होती. आणि आता देवळात सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींकडं गेले. त्या उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. मी उभ्यानंच म्हणाले की उपास नका धरू, नाव नका काढू.

मावशी म्हणाल्या, "प्रार्थना नको म्हणणारी ख्रिस्ती बाई मी पहिल्यांदा बघायलेय."

मग मी बसले आणि सांगितलं. कसं सांगितलं कुणास ठाऊक, मध्येच थांबत, मागचं पुढं करत. ती अकरा वेळा कशी सांगत होती ते सांगितलं. तिनं माझ्याकडून काय कबूल करून घेतलं होतं आणि मी काय केलं तेही. मावशींनी पाय आखडून घेतले. त्या म्हणाल्या की कितवा महिना ते मी पण विचारलं होतं, नर्सची सवय, आधी तेच तोंडात येतं. मग गुडघे चोळत राहिल्या.

"पाळकसाहेबांचं मी बघते," त्या म्हणाल्या. "पण बाकीच्यांना तूच सांग. मी सांगितलं तर हुकूम होतो. तू सांगितलंस तर ऐकतील."

राहिलेली दहा घरं मी तीन दिवसांत केली. घरातून निघताना पाठ करून निघायचे: तिला फोन करू नका, ग्रुपवर लिहू नका, देवळात नाव काढू नका, मनात करा. दारात गेले की पाठ केलेलं विसरायचे आणि भलतंच बोलायचे. एकीकडं आधी अर्धा तास हरभऱ्याच्या भाजीवरच बोलले. एक जण म्हणाली, बरं बाई, आणि मला भाजी देऊन पाठवलं. एक म्हणाली, "म्हंजे आमी काय नजर लावायलोय का?" मी म्हणाले, तसं नाही. तिनं काही ऐकून घेतलं नाही, दार लावून घेतलं. त्या दारासमोर उभं राहून मला वाटलं की बरोबर आहे तिचं, प्रेमानंच केलं होतं तिनं. आपलं प्रेम कुणाला जड होतं हे ऐकायला कुणाला आवडेल?

एका घरी तरणी बाई आहे, लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. तिच्याकडं जायला माझे पाय उचलत नव्हते. तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी दर सालच्या पहिल्या दिवशी उभं राहून प्रार्थना करतात. मी खाली बघत बसते. कुणी असं घरी येऊन नका करू म्हणलं असतं तर लय बरं झालं असतं." नऊ वर्षं ती माझ्यासारखीच त्या गोलात बसत होती. मी कधी तिच्याकडं बघितलंही नव्हतं. तिच्या घरून मी लवकर निघू शकले नाही.

पहिल्या रविवारी देवळात एक मेणबत्ती लावली. पाळकसाहेब वाट बघण्यावर बोलले. सुनेचं नाव निघालं नाही. ग्रुपवरही काही आलं नाही. मला हलकं वाटायला पाहिजे होतं, पण उलटंच झालं. वाटलं, आता तिच्यासाठी कुणीच मागत नसेल. मीच सगळ्यांची तोंडं बंद केली, आणि माझं तोंड तर आधीच बंद.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी, जिनं मला भाजी देऊन पाठवलं होतं तिचं भांडं मी परत द्यायला गेले. दुपारची वेळ होती. चुलीत विस्तव नव्हता, परात कोरडी होती. जेवलात का, मी विचारलं. ती म्हणाली, भूक नाही आज. परत येताना मावशींच्या दारात टेकले. त्याही नुसत्या बसल्या होत्या, ताट दिसलं नाही. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. घरी येऊन मी माझ्या भाकरीवर ताट पालथं घातलं. कुणीही जाहीर केलेलं नव्हतं. किती जणींनी धरला होता ते मला आजही माहीत नाही. दार लावून घेतलेल्या बाईनं धरला होता की नाही, तेही नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की बाळ राहील. नक्की राहीलच असं नाही. राहील, असं.

तिसरी मेणबत्ती लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ती बोलवायलीय तुम्हाला. एकट्याच या."

मी ह्यांना सांगितलं, दोन लुगडी पिशवीत घातली आणि पॅसेंजर गाडीत बसले. मानवत रोड गेलं, परभणी गेलं, पूर्णेला गाडी बराच वेळ थांबली. एवढ्या वेळात काय बोलायचं ते मी दहा वेळा ठरवलं. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा त्यातलं एकही आठवत नव्हतं.

विहीणबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "या. आमच्या घरात सगळ्यांना भरपूर बोलता येतं. तुमी निवांत बसा." ते मला मिळायलाच पाहिजे होतं. मी हं म्हणाले.

सून खाटेवर पडलेली होती. खाटेच्या पायथ्याकडं दोन्ही खुरांखाली विटा लावल्या होत्या, त्यामुळं तिचं डोकं खाली आणि पाय वर. तोंड सुजलं होतं, पोट मोठं दिसत होतं. आठवा चालू होता. मी तिच्याकडं बघितलं आणि बघतच राहिले. ती म्हणाली, बसा मामी, चहा घेतला का. तेवढंच. मी तेलाची वाटी मागून घेतली आणि तिच्या डोक्याशी बसून केस सोडवायला लागले. पडून पडून केसांचा गुंता झाला होता.

एक गुंता सुटला तेव्हा ती म्हणाली, "अकरा घरी गेलात म्हणं?"

मुलानं सांगितलं होतं. दोन शब्दांचा माणूस, पण हे त्यानं सांगितलं होतं.

"गेले."

"त्या कोपऱ्यावरच्या बाईकडं बी?"

"तिनं दार लावून घेतलं."

ती हसायला लागली आणि लगेच पोट धरलं. "हसवू नका. टाका हाय." मी हसवलं नव्हतं, पण मला फार बरं वाटलं.

त्या दिवशी माझ्या चुकीबद्दल आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. मी तिचं अंग पुसायचे, तिला वाटीनं कण्या भरवायचे, आणि ती थोडं थोडं बोलायला लागली होती. आधीसारखं नाही, मध्येच थांबून छताकडं बघायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी खोलीत होतो. विहीणबाई तूर पाखडत होत्या. सून छताकडं बघतच म्हणाली, "ह्या वेळी बी न्हाई राहिलं तर?"

विहीणबाईंचं सूप थांबलं. "असलं बोलू नाय," त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन बाहेर गेल्या. त्या बाहेर रडत होत्या, मला ऐकू येत होतं.

सून माझ्याकडं बघत होती. माझ्याकडं सांगायला काय होतं? प्रभूवर भार टाक, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. सगळं नीट होईल असं त्यानं मला सांगितलेलं नव्हतं, आणि त्याच्या नावावर माझं बोलणं खपवायची मला भीती वाटली. एवढंच कळत होतं की ती कशाला भ्यालीय ते मला ठाऊक आहे. त्यातलं अर्धं दुःख तर माझ्या हातातलं होतं.

मी म्हणाले, "तर मी सांगीन सगळ्यांना. अकरा घरी मी जाईन. नळावर मी सांगीन, देवळात उभं राहून मी सांगीन. कितवा महिना, कसं झालं, ज्याला विचारायचं त्यानं मला विचारायचं. तुला एकीलाबी सांगावं लागणार न्हाई."

इतकं सलग मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. ती भिंतीकडं वळली. वळायला तिला मनाई आहे, पण मी काही म्हणाले नाही. तिची पाठ हलत होती. मी पाठीवर हात ठेवून बसले. बाहेरून मालगाडी गेली, लांबच लांब, खिडकीची काच थरथरत राहिली.

गाडी गेल्यावर तिनं तशीच भिंतीकडं बघत विचारलं, "आणि राहिलं तर?"

मी म्हणाले, "तर तू सांग."

नाताळ इथंच, चुडाव्यालाच झाला. मुलगा आणि हे दोघं आले, मुलानं खाटेच्या वर कागदाची चांदणी बांधली. तीस वर्षांत पहिल्यांदा मी नाताळाला सेलूच्या देवळात नव्हते. सकाळी आम्ही पाच जणांनी खाटेभोवती बसून प्रार्थना केली, ह्यांनी केली, थोडक्यात. विहीणबाई मला अजून टोमणे मारतात, पण आता माझ्या ताटात भाजी त्याच जास्त वाढतात.

आज जानेवारीचा दुसरा आठवडा आहे. सून झोपलीय आणि मी दारात उन्हाला बसून हे लिहितेय. रात्री ती दोन वेळा घाबरून उठते, मीही उठते. बाळ हललं नाही असं तिला वाटतं, मग आम्ही हात ठेवून थांबतो, आणि ते हलतं. प्रत्येक वेळी ते हलेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. इतके महिने मागते आहे तरी हे तसंच आहे. पण मागणं सुटलेलं नाही, आणि आता मागताना शेजारी ती आहे.

सोमवारी टाका काढायला परभणीला जायचं आहे. त्यानंतर बाळ केव्हाही येईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत. जीप सांगितलीय, मुलगा पुढं बसेल, आणि मागच्या सीटवर ती आडवी होईल. डोकं आईच्या मांडीवर की मामींच्या, असं विहीणबाईंनी तिला काल विचारलं. ती म्हणाली, "मामींच्या. त्या गप्प राहतात."